वरचं तळं

शैलाताई जाधवांकडून मी गाडी शिकले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही सिग्नलला थांबले की माझा डावा खांदा आपोआप वर होतो. तिथे त्या चापट मारायच्या. फार जोरात नाही, पण विसरता येईल इतकी हळूही नाही. ‘आरशात बघ, आरशात. पुढे काय बघतेयस? पुढचं मी बघतेय ना!’

ठाण्यात वर्तकनगरच्या नाक्यावर एका गाळ्यात ते मोटर ट्रेनिंग स्कूल होतं, आणि त्यात शिकवणारी ही एकटीच बाई. पंचावन्नच्या पुढची, उंचीने बेताची, खांदे मात्र पोहणाऱ्यासारखे रुंद. पंजाबी ड्रेस आणि पायात जाड तळव्याचे पुरुषी बूट. बाकीचे मास्तर शिकाऊ माणसाला आधी मैदानात फिरवतात, मग गल्लीत, मग रस्त्यावर. शैलाताई पहिल्याच दिवशी माजिवड्याच्या चौकात न्यायच्या. भीती काय ती एकदाच वाटू दे, असं त्यांचं म्हणणं. मला ती इतकी वाटली की उड्डाणपुलाच्या तोंडाशी मी स्टिअरिंग धरून रडायला लागले. मागे ट्रक, टँकर, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘रडायचंय? रड. पण इंडिकेटर दे, गाडी बाजूला घे, मग रड.’

लोकांना रस्त्यावर कसं राहायचं ते शिकवून पोट भरणारी ही बाई वर्षातून एकदा, श्रावण संपता संपता, तीन-एक आठवडे नाहीशी व्हायची. जायची ती अशा ठिकाणी, जिथे रस्ताच काय, पायवाटही नाही. हिमाचलात, एवढंच आम्हाला कळायचं. तिथे झाडं जिथे संपतात त्याच्याही वर, खडक आणि बर्फ यांच्या मधे, तळी असतात. काही प्रसिद्ध असतात. त्यांच्यापर्यंत खेचरं जातात, भंडारे होतात. शैलाताईंना ती नको असायची. त्यांना त्या डोंगराच्या मागचं तळं हवं असायचं, ज्याच्याकडे जायला मेंढपाळसुद्धा कंटाळतात. पाठीवर तंबू, शिधा, स्टोव्ह घ्यायचा आणि ओढ्याच्या कडेने, दगडांच्या राशींवरून, अंदाजाने चढत राहायचं. कुठलं तळं, असं विचारलं की उत्तर एकच मिळायचं : ‘वरचं.’

आता ठाण्यात राहणारी बाई ‘तळ्यावर चाललेय’ म्हणाली तर लोकांनी काय समजायचं? इथे दर चार गल्ल्यांमागे एक तलाव. शैलाताईंच्या शेजारच्या काकू एकदा ताईंच्या मिस्टरांना विचारताना मी ऐकलंय. ‘तळ्यावर गेलीय होय? मग जेवायला येईलच.’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘हो, पुढच्या महिन्यात.’

हे मिस्टर म्हणजे अशोक जाधव. ताईंचे यजमान म्हणून मी त्यांना भावोजी म्हणायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, गोल चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. गावाबाहेरच्या येऊरच्या टेकडीचा चढसुद्धा रिक्षाने चढणारा. बायको गेली की स्वयंपाक करायचे, गॅलरीतल्या झाडांचं बघायचे आणि कुणी काही विचारलं की ‘मला काय ठाऊक?’ म्हणून हसायचे. त्यांच्या हातची भाजी शैलाताईंपेक्षा बरी असायची, पण हे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

मी लायसन्स काढलं आणि कुठल्याशा अवसानघातकी क्षणी ‘मलाही एकदा न्या ना’ म्हणून बसले. त्या दिवसापासून माझ्या मागे दुसरं ट्रेनिंग लागलं. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून रोज सकाळी त्यांच्या बिल्डिंगचे जिने चढायचे आणि उतरायचे. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सोसायटीकडे तक्रार केली, की बुटांच्या आवाजाने त्यांचा प्राणायाम होत नाही. शैलाताईंनी त्यांना उत्तर दिलं, ‘मग तुम्हीपण या, श्वास आपोआप होईल.’

निघायच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. चहा घेतला, माझ्या सासूबाईंची चौकशी केली, आणि मी चार दिवस खपून भरलेली सॅक उचलून सरळ पलंगावर उलटी केली.

‘हे काय?’

‘टॉवेल.’

‘पंचा घे. हे?’

‘डिओ.’

‘कुणासाठी? मेंढ्यांसाठी?’

एक पँट गेली, चप्पल गेली, कंगवा अर्धा तोडून परत आला. शर्टांच्या कॉलरमागच्या पट्ट्यासुद्धा बाईंनी कात्रीने कापून टाकल्या. मग सासूबाईंनी हौसेने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा हातात आला. तो त्यांनी क्षणभर तोलला, झाकण काढलं, लाडू प्लास्टिकच्या पिशवीत ओतले आणि पिशवी दोन्ही हातांनी दाबून सगळ्यांचा सपाट लगदा केला. ‘आता कोपऱ्यात बसेल,’ म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्या एवढंच म्हणाल्या, ‘लाडू गोल करायला वेळ लागतो हो.’ शैलाताईंनी मान हलवली. ‘लागतो ना. उगीच लागतो.’

त्या वर्षी आमच्याबरोबर पेंडसे होते. कल्याणचे, एका केमिकल कंपनीत मॅनेजर. सह्याद्रीतले सगळे किल्ले केलेला, नीटनेटका माणूस. मनगटावर भलं मोठं घड्याळ, ज्यात उंची, दिशा, नाडी आणि आपण आलो ती सगळी वाट दिसायची. शेवटच्या गावापासून मेंढपाळांच्या कुरणापर्यंत थोडीफार पाऊलवाट होती. ती संपली तिथे शैलाताई थांबल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘आता एका रांगेत चालायचं नाही. तिघांनी तीन बाजूंनी, अंतर ठेवून चालायचं.’

‘का?’ पेंडशांनी विचारलं.

‘रांग लावली की वाट पडते. गवत एकदा तुटलं की इथे वर्षानुवर्षं उगवत नाही. आणि वाट दिसली की माणूस येतो.’

म्हणून मग आम्ही तिघं त्या अफाट उतारावर एकमेकांना हाका मारत, भांडून आल्यासारखे लांब लांब चालत राहिलो. माझी बाजू दर वेळी चिखलाची निघायची. एखादा सोपा दगड सापडला आणि पेंडसे त्यावरून गेलेले दिसले म्हणून मीही तिकडे वळले, की पलीकडून आवाज यायचा, ‘अनघा, स्वतःचा दगड शोध!’

पेंडशांनी परतीसाठी खूण म्हणून एका खिंडीत दगडांची छोटी चळत रचली. हे गिर्यारोहणातलं साधं शहाणपण आहे, कुणीही करतं. ते पुढे गेल्यावर शैलाताईंनी ती पायाने पाडली आणि दगड चारी दिशांना भिरकावून दिले. मी बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, जणू आम्ही दोघींनी मिळून काही पुण्यकर्म केलं होतं.

तळं मात्र होतं. दगडांची एक शेवटची रास चढून वर आलो आणि पायांच्या खाली एकदम ते दिसलं. एका काठाला अजून बर्फ होता, त्याचे तुकडे सुटून पाण्यावर हळूहळू फिरत होते. पाण्याचा रंग मला सांगता येणार नाही. निळा म्हटलं तर खोटं होईल आणि हिरवा म्हटलं तरी. आवाज म्हणाल तर पलीकडच्या कड्यावरून अधूनमधून एखादा दगड घरंगळायचा तेवढाच. पेंडसे टोपी काढून उभे राहिले. मी खाली बसले. शैलाताई काहीच बोलल्या नाहीत, आणि ही त्या पूर्ण प्रवासातली सर्वांत आश्चर्याची गोष्ट होती. थोड्या वेळाने त्यांचा नेहमीचा आवाज आला, ‘तोंड धुवायचं तर पाणी भांड्यात घेऊन लांब जा. आणि फोटो काढा, पण मागचे डोंगर नकोत. डोंगरावरून ओळखतात लोक.’ त्यामुळे माझ्या सगळ्या फोटोंत मी आहे आणि माझ्या मागे नुसतं पाणी आहे. सासूबाईंनी ते बघून विचारलं, ‘आपल्या उपवन तलावावर काढलेत का गं?’

परतताना धुकं आलं. थोड्याच वेळात स्वतःचे बूट दिसेनासे झाले. पेंडसे आपली दगडांची चळत शोधत खिंडीत येरझाऱ्या घालायला लागले आणि घड्याळाने नेमकी तेव्हाच मान टाकली. शैलाताई म्हणाल्या, ‘मला माहितीय, या माझ्यामागे.’ आम्ही गेलो. उतरत गेलो, उतरत गेलो, आणि एका ठिकाणी जमीनच संपली. खाली नुसता पांढरा धूर आणि त्यातून वर येणारा पाण्याचा आवाज. आम्ही चुकीच्या नाळेत, भलत्याच घळीत उतरलो होतो.

‘मॅडम, तुम्ही ती चळत पाडलीत?’ पेंडसे आधी माझ्याकडे बघत, मग शैलाताईंकडे वळून ओरडले. माझा चेहरा बघून त्यांना कळलंच होतं. ‘मी दोन मुलींचा बाप आहे! इथे मेलो तर त्यांना काय सांगणार तुम्ही?’

‘मरत नाही कुणी. बसा. धुकं जाईल.’

‘आणि नाही गेलं तर?’

‘तर जास्त वेळ बसा.’

त्या ओल्या दगडावर आम्ही लाडवांचा लगदा खात बसलो. दुपार उलटून गेल्यावर धुकं फाटलं आणि कळलं की आणखी थोडं उतरलो असतो तर संपलोच असतो. तो सगळा चढ पुन्हा चढावा लागला. वर पोचल्यावर शैलाताई चुकलं म्हणतील, निदान ‘अरेरे’ तरी म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. त्या कमरेवर हात ठेवून खाली बघत म्हणाल्या, ‘चला, ही बाजूपण बघून झाली.’

परतीच्या गाडीत पेंडसे त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. कल्याणला निरोप न घेता उतरले. आठवड्याने त्यांचा शैलाताईंना मेसेज आला : पुढच्या वर्षी कधी?

नाव लपवायचा हा हट्ट कुठून आला, ते मला एकदा येऊरच्या चढावर, गाडी बंद पडल्यावर कळलं. फार पूर्वी डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये त्यांनी स्लाइड दाखवून एका तळ्याबद्दल भाषण केलं होतं. नावगावासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बुके दिला. पुढच्या मोसमात कुणीतरी तिथे सहली न्यायला लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी शैलाताई पुन्हा गेल्या तेव्हा काठावर तंबूंची रांग होती, दोऱ्यांवर चड्ड्या वाळत होत्या आणि स्पीकर लावून गरबा चाललेला. ‘मी पाण्यापर्यंत गेलेच नाही,’ म्हणाल्या. ‘मागे फिरले. माझ्याच तोंडाने गेलं ना ते.’ मग लगेच, ‘तू क्लच सोड आधी, वास यायला लागलाय.’

मला खरी जी गोष्ट सांगायचीय ती याच्या काही वर्षांनंतरची. त्या वर्षी शैलाताई एकट्या गेल्या. साठीला टेकल्या होत्या. पेंडशांच्या मुलीचं लग्न होतं, मला रजा नव्हती. परतायचा दिवस आला आणि गेला. भावोजी म्हणाले, येईल, दोन-चार दिवस मागेपुढे होतं. तेही दिवस गेले. मग त्यांची मुलगी प्राची डोंबिवलीहून तडक आली आणि मला बोलावणं आलं.

मी पोचले तेव्हा सकाळच्या उन्हात भावोजी जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत बसलेले आणि प्राची फोनवर. हिमाचलातल्या कुठल्याशा कंट्रोल रूमशी बोलत होती.

‘इलाका कौन सा है, मैडम?’

‘पता नहीं. पहाड़ में. एक तालाब है.’

‘मैडम, यहाँ सब पहाड़ ही है.’

तिने फोन टेबलावर टाकला. ‘ऐकलंस अनघा? हे माझे आईबाप. एक बाई साठीत एकटी डोंगरात जाते, कुठे जाते ते सांगत नाही. आणि हा माणूस तिला विचारत नाही! पप्पा, इतकी वर्षं तुम्हाला एकदाही वाटलं नाही विचारावंसं?’

भावोजी मेथीची काडी मोडत राहिले.

‘बोला ना!’

‘मला माहितीय,’ ते म्हणाले.

प्राची त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

‘काय माहितीय?’

‘कुठे गेलीय ते. दर वर्षी निघायच्या आधी सांगते. तोंडी. आणि माझ्याकडून पाठ करून घेते, शाळेतल्यासारखं. चुकलो तर पुन्हा म्हणायला लावते.’

‘आणि तुम्ही इतके दिवस—’

‘शपथ घातलीय तिने. उशीर झाला तरी बोलायचं नाही, मी येते, म्हणाली.’

मी त्या घरात कुणाला इतकं ओरडताना ऐकलं नव्हतं. प्राची त्यांना काय काय बोलली ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. शेवटी तिचा आवाज बसला आणि ती हळू म्हणाली, ‘पप्पा, ती पाय मोडून पडली असेल. वाट बघत असेल ना ती.’

भावोजी उठले, आत गेले. आम्हाला वाटलं दार लावून घेतील. ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आले, कचेरीत जायला निघाल्यासारखे. प्राचीचा फोन उचलून त्यांनी तोच नंबर लावला आणि उभं राहून, एका हाताने खुर्चीची पाठ धरून, स्वच्छ हिंदीत सांगायला सुरुवात केली. गाव. गावाबाहेरचा लाकडी पूल. पुलापासून डाव्या हाताचा नाला, कुरण, कुरणाच्या वर दोन ओढे मिळतात तिथे उजवीकडचा. मग काळ्या दगडांची खिंड, तिच्या पलीकडे बर्फाची उतरण टाळून वर, आणि वर तळं. येऊर रिक्षाने चढणारा तो माणूस ती वाट अशी सांगत होता की मला समोर डोंगर दिसायला लागले. पलीकडचा अधिकारी मधेच म्हणाला असावा, तुम्ही गेला आहात का. कारण भावोजी थांबले आणि म्हणाले, ‘जी नहीं. मैं कभी नहीं गया.’

गावातली माणसं आणि बचाव पथक वर गेलं. शैलाताई बरोबर तिथेच होत्या, तळ्याच्या अलीकडे, मेंढपाळांनी रचलेल्या दगडी आडोशाला. दगड सरकून पाय घोट्याच्या वर मोडला होता. मेंढपाळ मोसम संपवून आधीच खाली गेले होते. सरपटत तिथवर आल्या, तंबूचं कापड अंगावर ओढून घेतलं आणि उरलेला शिधा पुरवत पडून राहिल्या. त्यांना स्ट्रेचरवरून खाली आणलं, रेंज आली, आणि प्राचीने स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून पहिला आवाज आला तो असा :

‘कुणी सांगितलं?’

बरी आहेस का, सुखरूप आहात का, अशी सगळी तयारी करून बसलेलो आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. भावोजी म्हणाले, ‘मी.’ पलीकडून फोन बंद झाला.

पायात रॉड घालून त्या ठाण्याला परत आल्या आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. कारण त्यांच्या लेखी मोठं होतं. पथकातल्या एका पोराने सुटकेची रील टाकली होती. स्ट्रेचरवर शैलाताई, मागे ते तळं, डोंगरांसकट, आणि खाली गावाचं नाव. ती खूप फिरली. वर मथळा होता ‘ठाण्याची धाडसी आजी’. आजी म्हटल्याचा राग वेगळा होता. दुसऱ्या मोसमाच्या आत त्या तळ्याच्या सहली सुरू झाल्या. शैलाताई पाय उशीवर ठेवून ते व्हिडिओ बघत बसायच्या आणि फोन पुढे करून मला दाखवायच्या. ‘हे बघ. हा तंबू कुठे लावलाय बघ. फुलांवर लावलाय गाढवांनी.’

मी तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी जायचे, आणि गेले की त्या घरातली पोस्टमन व्हायचे. तिघं एकाच टेबलावर जेवायला बसलेले असताना शैलाताई मला म्हणायच्या, ‘ह्यांना सांग, उद्या ड्रेसिंगला जायचंय.’ भावोजी माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘त्यांना सांगा, रिक्षा सांगितलीय.’ मी दोघांच्या मधे बसून पोळी खायचे. किती महिने चालावं हे? प्राचीने समजावलं, पेंडशांनी कल्याणहून येऊन समजावलं. बाई ढिम्म. ‘मेले असते तर तळं तरी राहिलं असतं,’ हे त्या एकदा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाल्या. भावोजी वाढत होते, त्यांचा हात थांबला.

त्या माणसाने इतकी वर्षं त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्यामार्फत नाही, सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं, ‘शैला, पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. आणि तेव्हा पहिल्याच दिवशी सांगेन.’

सगळे खाली माना घालून जेवत राहिले. शैलाताईंनी एक घास घेतला, चावला, गिळला.

‘भाजीत मीठ नाही,’ त्या म्हणाल्या. नवऱ्याला म्हणाल्या. प्राचीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

पाय चालता झाल्यावर त्या पुन्हा गाडीवर रुजू झाल्या. मी तेव्हा नवीन गाडी घेतली होती, आणि ‘गिअर कसे पडतात बघू’ म्हणून त्या एका रविवारी माझ्याबरोबर खडवलीपर्यंत आल्या. नदीकाठी गाडी लावून आम्ही वडापाव खात होतो. अचानक, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाल्या, ‘तिथे पडलेले ना, तेव्हा पहिले दोन दिवस काही वाटलं नाही. येईल कुणीतरी मेंढपाळ, म्हटलं. मग नंतर राग यायला लागला.’

‘कुणाचा?’

‘ह्यांचा. दुसऱ्या कुणाचा? म्हटलं, या माणसाला सगळं पाठ आहे. मी घोकून घेतलंय. मग तोंड का उघडत नाही हा अजून? काय बसलाय काय नुसता? शिव्या देत होते मी तिथे, मोठमोठ्याने. तळ्यावर घुमत होत्या.’

मी वडापाव खाली ठेवला. ‘आणि त्यांनी उघडलं तर घरी येऊन इतके महिने अबोला?’

‘मग! शपथ मोडली ना.’

‘शैलाताई!’

‘ओरडू नकोस. आणि त्यांना सांगायचं नाही हे. आपल्यातच ठेव.’

मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. शैलाताई क्लासच्या गाडीचा इन्शुरन्स बघायला गेल्या होत्या. भावोजी झाडांची पिवळी पानं काढत होते. मी सगळं सांगितलं, शिव्या घुमत होत्या इथपर्यंत. ते ऐकत राहिले. तळ्यावर आवाज घुमतो का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, घुमतो. ‘बरं,’ म्हणाले, आणि हात धुवायला गेले. वळताना त्यांनी चष्मा काढलेला मी पाहिला.

पुढच्या मोसमात शैलाताई निघाल्या. डॉक्टरांनी नको म्हटलं, प्राचीने नको म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. बातमी वेगळीच होती. भावोजीही निघाले होते. वर नाही, शेवटच्या गावापर्यंत. रस्ता जिथे संपतो तिथे ते खोली घेऊन राहणार, बाई वर जाऊन परत येईपर्यंत. आमची तेव्हाच नागपूरला बदली झालेली, सामान बांधायचं टाकून मी त्यांना कल्याण स्टेशनवर सोडायला गेले. त्यानंतर आमची गाठ पडलेली नाही, फोन तेवढे होतात, म्हणून ते दृश्य माझ्याजवळ जसंच्या तसं राहिलंय.

लांब पल्ल्याच्या गाडीचा प्लॅटफॉर्म. शैलाताई सॅक पायाशी ठेवून उभ्या, वजन एका पायावर. भावोजी जिन्यावरून धापा टाकत उतरले, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. कापडी पाठीची, हातांची, चांगली जाडजूड.

‘हे काय?’

‘खुर्ची.’

‘ते दिसतंय. कशाला?’

‘बसायला. तू येईपर्यंत मी काय उभा राहणार?’

‘गावात लोकांकडे खुर्च्या नसतात? एवढं वजन! बसमध्ये कुठे घालणार? पुढे जीपमध्ये कुठे घालणार? कोण उचलणार हे धूड?’

‘मी.’

‘अहो, ही धड उघडते तरी का?’

त्यांनी ती तिथेच, गर्दीच्या मधोमध, खटकन उघडली आणि ठेवली. हमाल वळसा घालून गेला. गाडी उशिरा असल्याचं स्पीकरवर सांगत होते. शैलाताईंनी खुर्ची एका हाताने हलवून बघितली, पाठीचं कापड चाचपलं, तोंड वाकडं केलं.

‘डुगडुगते,’ म्हणाल्या. ‘बघू जरा.’

आणि बसल्या. दुखरा पाय पुढे लांब केला, सॅक मांडीवर ओढायला गेल्या, ती भावोजींनी आधीच स्वतःच्या खांद्याला लावली होती. एवढी मोठी सॅक त्यांनी उभ्या जन्मात उचलली नसावी. ते किंचित मागे झुकले, सावरले, आणि बायकोच्या खुर्चीशेजारी तसेच उभे राहिले. ‘पट्टा उलटा घातलायत,’ शैलाताई वर न बघता म्हणाल्या. गाडी आली, माणसं धावली, डबे समोर येऊन थांबले, तरी त्या उठेचनात.